पुलाच्या अलीकडे

फोनवर म्हातारा म्हणाला, "मी आलोय. पलीकडे आहे," आणि नेरेइदा टॅक्सीच्या काचेवरची एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. डाग केव्हाच गेला होता. तसं पाहिलं तर त्याने वावगं काहीच म्हटलं नव्हतं. विमानतळ हमरस्त्याच्या त्या बाजूला, पिवळ्या टॅक्सींची रांग या बाजूला, आणि दोहोंना जोडणारा तेवढा पादचारी पूल. विमानातून उतरलेला माणूस पलीकडेच असणार, दुसरीकडे कुठे असणार? तिची निम्मी गिऱ्हाइकं फोनवर हेच सांगतात. पण या माणसाच्या तोंडून हा शब्द तिने पूर्वी एकदा ऐकला होता, याच जागी, सात वर्षांची असताना. "ऐकतेस ना?" म्हाताऱ्याने विचारलं. "ऐकते," ती म्हणाली, आणि काही सुचेना म्हणून तोंडपाठ होतं ते बोलून मोकळी झाली. "काचेच्या हॉलमध्ये थांबायचं नाही. कुणी हाक मारली, हात धरला, गाडी फुकट देतो म्हणालं, तरी वर बघायचं नाही. सरळ बाहेर यायचं, डावीकडे वळायचं. पांढऱ्या गाड्या सोडून द्यायच्या. पुढे पूल लागेल. चढायचा, उतरायचा, खाली पिवळ्या टॅक्सी. मी तिथेच आहे. पुएर्तो अमारोमध्ये आपलं स्वागत आहे." फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की शेवटचं वाक्य म्हणायची काही गरज नव्हती. ते पाहुण्यांसाठी होतं.

पिवळ्या टॅक्सीने विमानतळावर माणूस सोडायचा, उचलायचा नाही, हा इथला नियम. उचलण्याचा हक्क पांढऱ्या गाड्यांचा. त्यांचा परवाना राजधानीतून येतो, पिवळ्यांचा गावातून. नियम कुणी केला आणि का केला हे विचारायच्या भानगडीत आता कुणी पडत नाही. आत माणूस घेताना पिवळी गाडी सापडली की जप्तच झाली. मागे एकाने सख्ख्या आईला आतून उचललं, तेव्हा पहारेकऱ्याने त्याला विचारलं होतं, आई आहे हे गाडीवर कुठे लिहिलंय? हा किस्सा रांगेतले ड्रायव्हर अजून चवीने सांगतात. नेरेइदानेही तो आज सकाळपासून स्वतःला दोन-तीनदा सांगितला होता. आपल्याला आत जाता येत नाही, नियम आहे, आपण काय करणार. गाडी आत नेता येत नाही हे खरं, पण पायांना कुणाचीच मनाई नव्हती. पूल चढून पलीकडे जावं, म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी घ्यावी, त्याला धरून आणावं, यात पहारेकऱ्याचं काय जात होतं? हे तिलाही कळत होतं. म्हणूनच ती काच पुसत होती.

"नेरे, बाप येणार ना आज तुझा?" चेमाने विचारलं. चेमा रांगेचा मुकादम. फाटक्या छत्रीखाली बसून कुणाची गाडी कुणामागे हे बघायचं एवढंच त्याचं काम, पण तोरा बंदरावरच्या साहेबाचा. "जायचं तर जा वर. पण नंबर गेला म्हणून माझ्या नावाने खडे फोडू नकोस. माझ्या रांगेत आईबाप चालत नाहीत."

"नंबर घाल चुलीत," नारळाच्या गाड्यावरून ताचाबाई म्हणाली. "गुडघा गेलाय म्हणे त्याचा. जा गं पोरी, पिशवी तरी घे त्याच्या हातातली."

"येतील," नेरेइदा म्हणाली. "पाय आहेत."

"पाय तेव्हाही होते," ताचाबाई म्हणाली आणि तिने नारळावर कोयता घातला.

ताचाबाईला असं बोलायचा हक्क होता, कारण तेव्हा ती इथे होती. गाडा तिच्या आईचा होता आणि ताचा लग्नाच्या वयाची पोरगी होती. पूल नव्हता, पलीकडे विमानं उतरत पण दिवसाकाठी मोजकीच, आणि हमरस्त्यावरून गुरं जात. नेरेइदाला त्या दिवसाचं सगळं आठवतं असं नाही. आपाने केसांना पाणी लावून भांग पाडला होता हे आठवतं. इकडची पोरं बापाला आपा म्हणतात; तीही म्हणायची. आपाचा सदरा नवा होता, घडीच्या रेघा तशाच होत्या, आणि खांद्यावर पिशवी होती. पिशवी कशाला असं तिने विचारलं नाही. मोठ्यांच्या खांद्यावर पिशव्या असतातच. पोरीला नारळपाणी पाजून आणतो असं तो आईला सांगून निघाला होता. त्याने तिला गाड्याजवळच्या उलट्या पेटीवर बसवलं, नारळ तिच्या दोन्ही हातांत दिला, आणि म्हणाला, "बस इथे. मी पलीकडे जाऊन आलोच." मग रस्ता ओलांडून गेला. उत्तरेकडे जाणारी बस त्या बाजूला थांबायची. बस आली, मध्ये उभी राहिली, आणि निघून गेली तेव्हा पलीकडे फक्त झुडपं होती. तिला वाटलं, तो झुडपामागे गेला असेल. पुरुष जातात. तिने नारळपाणी घोट घोट करून प्यायचं ठरवलं, कारण नारळ संपला की उठावं लागेल आणि आपा तर अजून आला नाही. शेवटी शेवटी ती नुसतीच नळी तोंडात धरून बसली होती, ओढत नव्हती. पाणी कोमट झालं होतं, त्याला पेटीच्या लाकडाचा वास येत होता, आणि मांडीला टोचणारा खिळा आपण बाजूला सरकलो तर टोचणार नाही हे कळूनही ती सरकली नाही. दिवस कलल्यावर ताचाने तिला घरी पोचवलं. आईने मारलं नाही, रडलीही नाही. फक्त विचारलं, बस कुठल्या दिशेला गेली.

नंतर काही नाताळांना कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला. दुकानदाराची बायको बोलवायला यायची, आणि आई म्हणायची, सांग त्यांना, चुकीच्या ठिकाणी लागलाय. मग फोन यायचे थांबले. कुणीतरी बातमी आणली की उत्तरेला, अमेरिकेतल्या फ्रेस्नोला त्याने दुसरं घर केलं, त्या बाईला आधीचे मुलगे आहेत, आणि तो द्राक्षांच्या मळ्यावर मुकादम झालाय. आई ऐकून म्हणाली, मुकादम? आणि हसली, मनापासून हसली, कारण त्या माणसाचं घरात मांजरसुद्धा ऐकत नसे. आई गेली. मामाची टॅक्सी नेरेइदाकडे आली. बायका टॅक्सी चालवत नव्हत्या तेव्हा ती चालवू लागली, त्याबद्दल व्हायची तेवढी चेष्टा झाली आणि संपली. हॉटेलांच्या रांगेत चांगला धंदा होता, सावली होती, नळ होता. तरी ती रोज इथेच येऊन उभी राहायची, पुलाखाली. का, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, नारळ चांगला मिळतो.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. ती बाई वारली होती, घर तिच्या मुलांचं होतं. म्हातारा एवढंच म्हणाला, "इथे आता माझं कुणी नाही." माफी नाही, रडणं नाही. येऊ का, असंसुद्धा त्याने विचारलं नाही. आणि नेरेइदा म्हणाली, "या." हे तिच्या तोंडून कसं निघालं हे तिला आजवर कळलेलं नाही. पातेलं चुलीवरून खाली घेताना हात आपोआप फडक्याकडे जातो, तसं ते झालं. त्यानंतर दोनदा बोलणं झालं, आणि दोन्ही वेळा तिने त्याला कशानेच हाक मारली नाही. वाक्यं अशी जुळवायची की हाकेची गरज पडू नये; हे जमवायला पुष्कळ डोकं लागतं. खोलीत तिने खाट टाकली होती, तिच्यावर नवी चादर घातली होती, आणि चादर फारच चांगली दिसायला लागली तेव्हा ती काढून जुनी घातली होती.

पुलावर माणसं येऊ लागली. विमान रिकामं झालं की असं होतं, एकदम लोंढा येतो; चाकांच्या पेट्या घडघडत, लाल झालेले चेहरे, टोप्या. म्हातारा त्यांत नव्हता. दुसरा लोंढा आला, त्यातही नव्हता. नेरेइदा पुलाच्या जिन्याकडे बघत राहिली. पलीकडून परत गेला असेल. विमानतळ काय, एका दाराने बाहेर येतात तशी दुसऱ्या दाराने आत जातात. मग तिला राग आला, आणि राग आल्यावर जरा बरं वाटलं, कारण राग तिच्या सवयीचा होता. मी जाणार नाही वर, तिने स्वतःला सांगितलं. त्या दिवशी तो येतो म्हणाला होता, आणि ते येणं अजून बाकी होतं. त्याने आपल्या पायाने हा रस्ता ओलांडून यायचं होतं. आपण वर जाऊन हात धरून आणलं तर तो स्वतः आला असता की नसता हे कधीच कळणार नाही, आणि तिला नेमकं तेवढंच कळून घ्यायचं होतं. म्हाताऱ्याकडून दुसरं काही नको होतं.

तो आला तेव्हा पूल रिकामा होता. आधी टोपी दिसली, रंगीबेरंगी, कुठल्याशा हॉटेलची. मग बारीक झालेले खांदे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चकचकीत कागदांचं भेंडोळं. मधोमध येऊन तो थांबला, पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कठडा धरून खाली बघू लागला. खालून ट्रक जात होते. नेरेइदा गाडीला पाठ लावून उभी होती. पत्रा तापला होता, पाठ भाजत होती, तरी ती हलली नाही. "अगं जा," ताचाबाई म्हणाली. चेमासुद्धा छत्रीखालून वाकून बघत होता, आणि चेमा म्हणाला, "नंबर राहू दे, मी बघतो." नेरेइदा गेली नाही. म्हाताऱ्याने पिशवी उचलली. जिन्याची प्रत्येक पायरी तो आडवा होऊन, आधी चांगला पाय मग वाईट पाय असा उतरला. शेवटच्या पायरीवर त्याने चौफेर पाहिलं. टॅक्सी सगळ्या सारख्याच पिवळ्या, पण बाई ड्रायव्हर एकच होती.

"नेरेइदा," तो म्हणाला.

"वेळ लागला," ती म्हणाली.

"आत थांबवलं त्या लोकांनी. काचेच्या खोलीत."

"थांबू नका म्हणून सांगितलं होतं."

"नाव विचारलं मला. सर म्हणाले." म्हाताऱ्याने टोपीला हात लावला. "इतकी वर्षं तिकडे काढली, मला कुणी सर म्हटलं नव्हतं. ही दिली. उद्या नाश्त्याला बोलावलंय, गाडी पाठवतो म्हणाले. मोठ्या हॉटेलातली खोली विकत घ्या म्हणतात."

चेमा हसला, मग खोकल्याचं सोंग केलं. ताचाबाईने म्हाताऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय सिल्वेरियो," ती म्हणाली, "गरम झालं ना रे पोरीचं नारळपाणी." म्हाताऱ्याने तिला ओळखलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. नेरेइदाला वाटलं होतं की हा क्षण आला की आपल्याला काहीतरी मोठं वाटेल. पण तिला इतकंच दिसलं की त्याच्या सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात गेलंय, आणि ते सांगावं की नाही याचा ती विचार करत राहिली.

"नेरे, तुझा नंबर," चेमा ओरडला. पुलावरून एक जोडपं उतरलं होतं, कॅनडाकडचं असावं, पेट्या मोठाल्या, बाईच्या नाकावर आत्ताच उन्हाचं मलम. नंबर म्हणजे नंबर. तिने पेट्या उचलल्या, मागे टाकल्या, दार उघडलं, जोडपं बसलं. मग ती वळली. म्हातारा पिशवी घेऊन पुढच्या दाराशी येऊन उभा होता. आणि पुढे कुणाला बसवायचं नाही, ही तर धंद्यातली पहिली गोष्ट. ड्रायव्हरशेजारी आणखी कुणी बसलं की पाहुणे घाबरतात. आपल्याला लुटायला नेतायत असं त्यांना वाटतं, तशी सूचना त्यांच्या फोनवरसुद्धा असते. किती गिऱ्हाइकं या कारणाने उतरून गेलीत. त्यामुळे नेरेइदाने फारसा विचार न करता म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी घेतली, गाड्याजवळ ठेवली, आणि म्हणाली, "बसा इथे. मी यांना सोडून आलेच."

ताचाबाईचा कोयता हातातच राहिला. तिने नेरेइदाकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली. म्हातारा "बरं" म्हणाला. ताचाबाईने पुढे केलेल्या स्टुलावर तो पाय लांब करून बसला. तिने सोललेला नारळ त्याच्या हातात दिला, आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरला. गाडी रस्त्याला लागली तेव्हा आरशात तो तसाच दिसत होता.

मागची बाई समुद्र किती लांब म्हणून विचारत होती. नेरेइदाने उत्तर दिलं. तोंडाने ती उत्तरं देत होती आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: मी खरं बोलले. मला खरंच परत यायचंय. मनात काही पाप नव्हतं. ती हॉटेलपर्यंतचा रस्ता मनात बघू लागली. हॉटेलच्या दाराशी कुणीतरी असणारच, बंदरावर जायचंय म्हणणारं. बंदरावरून कुणी बाजारात. बाजारात ऊन उतरेल, पोटात भूक लागेल, बर्फ घातलेलं पाणी प्यावंसं वाटेल. म्हाताऱ्याला काय, ताचाबाई आहे, सावली आहे. नाही म्हणायचं नसतंच कुणाला. नुसतं एकामागून एक गिऱ्हाईक घेत गेलं की पुरे. तेव्हाही असंच घडलं असेल का? बसमध्ये चढताना त्यालाही खरंच वाटत असेल का, आलोच? हा विचार आला आणि नेरेइदा संतापली. इतकी वर्षं सांभाळून ठेवलेला राग हा माणूस नुसता स्टुलावर बसून आपल्या हातून काढून घेतोय, तेही काही न बोलता. तो खोटं बोलला होता हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असण्यावर तिचं पुष्कळ काही उभं होतं. सदरा नवा होता, खांद्यावर पिशवी होती. पण आत्ता, स्टिअरिंग हातात असताना, तिला एवढंच कळत होतं की खोटं न बोलताही माणसाला तिथे बसवून जाता येतं.

पुढे परतीचं वळण होतं, ट्रकवाल्यांच्या खानावळीसमोर. तिने गाडी वळवली.

"हॉटेल तिकडे ना?" मागचा पुरुष त्याच्या भाषेत म्हणाला. त्याने फोन वर धरला होता. "तुम्ही उलट चाललात."

"मागे एक राहिलंय," नेरेइदा त्याच्या भाषेत जमेल तसं म्हणाली. बाईने पर्स मांडीवर ओढून घेतली.

आता गाडी रस्त्याच्या त्या बाजूने चालली होती, विमानतळाच्या बाजूने, उत्तरेला. पूल आला. पुलाच्या सावलीतून गाडी जाताना तिने डावीकडे पाहिलं, आणि रस्त्यापलीकडे गाडा दिसला, छत्री दिसली, आणि स्टुलावर टोपी घातलेला एवढासा माणूस, हातात नारळ धरलेला. इतका लहान दिसत होता की ओळख नसती तर तिने पोर म्हटलं असतं. त्याने मान वर केली. पिवळी गाडी ओळखली की काय कोण जाणे, एक हात सुटा करून वर केला. मागून ट्रकने भोंगा दिला. पुढे पहारेकरी उभा होता, या बाजूला पिवळ्या गाडीने चाक थांबवलं तरी शिटी. नेरेइदाला थांबता आलं नाही. बसच्या खिडकीतून मी अशी दिसले असेन, तिच्या मनात आलं. गाडा मागे गेला. तिने वेग वाढवला, कारण पुढचं वळण लांब होतं, पार नदीच्या पुलापाशी, आणि मागे ती दोघं आता एकमेकांशी कुजबुजत होती.

गाड्याजवळ गाडी थांबली तेव्हा म्हातारा उभाच होता. नारळ त्याने संपवला नव्हता. नेरेइदा खाली उतरली, पुढचं दार उघडलं, पिशवी पायाशी ठेवली. म्हाताऱ्याने बसताना वाईट पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

"हा कोण?" मागची बाई म्हणाली. तिचा हात दाराच्या कडीवर होता.

"माझे वडील," नेरेइदा म्हणाली. हा शब्द तिने परक्या भाषेत म्हटला, म्हणून जरा सोपा गेला. बाईने कडीवरचा हात काढला, आणि थोड्या वेळाने मागून पाण्याची बाटली पुढे आली. म्हाताऱ्याने ती मान लववून घेतली, तिकडच्या पद्धतीने आभार मानले, आणि बाटली नारळाशेजारी मांडीवर ठेवली. गाडी रस्त्याला लागली.

"मघाशी पलीकडून गेलीस," म्हातारा समोर बघत म्हणाला. "मी हात केला."

"दिसला. तिकडे थांबता येत नाही."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

खानावळ आली. नेरेइदाने गाडीचा वेग कमी केला, त्याला नीट दिसावं इतका, आणि हनुवटीने ते वळण दाखवलं.

"पण पुढे वळण असतं, आपा," ती म्हणाली.